पाणमांजराच्या पुस्तकातली दोन पानं

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा बाइंडिंग, कोणाच्याही दबावाखाली नसताना हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. निकामी झाली आहेत ती फुप्फुसं. डोकं जागेवर आहे. कानही शाबूत आहेत, हे घरच्यांनी विशेष ध्यानात घ्यावं.

एक. दुकान, कटिंग मशीन, दाभणं आणि खळीचं पातेलं माझ्या जुन्या कारागिराला द्यावं. सत्तावीस वर्षं त्याने माझी बोलणी खाल्ली आणि पानांच्या घडीचा एकही फर्मा उलटा शिवला नाही. पाटी खुशाल बदलावी.

दोन. थोरल्या भावाला काही नाही. मी रद्दीतून पुठ्ठे निवडायचो तेव्हा "हा आयुष्यभर कागदच वेचणार" असं तो शेजारच्या खोलीत म्हणाला होता. भिंत पातळ होती. आता राग उरलेला नाही, म्हणून माझी छत्री त्याला द्यावी. दोन काड्या मोडक्या आहेत.

तीन. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीला.

चार. कपाटातली चित्रांची पुस्तकं नातीला. छापखान्याने वाकडी म्हणून टाकलेली ही पुस्तकं मी मुलीसाठी नीट शिवून घेतली होती. ती मोठ्याने वाचावीत. वाचणाऱ्याने घाई करू नये, पान मुलानेच उलटावं. एका पुस्तकातल्या खोकणाऱ्या अस्वलाशी आल्यावर खोकावं; हल्ली मला ते न ठरवताच जमतं.

त्यातलं पाणमांजराचं पुस्तक वेगळं सांगायला हवं. त्यात पिल्लाची आई मरते. मुलगी पाच वर्षांची असताना माझी बायको इस्पितळात वारली. मी मुलीला सांगितलं, आई बरी होऊन येणार आहे. मग ते पान पुस्तकात ठेवणं शक्य नव्हतं. मी टाका उसवून ते काढलं. पण शिवलेल्या पुस्तकात एक पान काढलं की घडीच्या दुसऱ्या बाजूचं जोडपान सुटतं. तेही गेलं. त्यावर पिल्लू आणि त्याचा बाप काठावर बसून रडतात असं चित्र होतं.

मुलगी दोन वर्षं दाराकडे बघत राहिली. मग शाळेत बाईंनी तेच पुस्तक पूर्ण वाचलं. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "बाबा, आपल्या पुस्तकात दोन पानं कमी आहेत." त्यानंतर तिने मला कधी वाचायला सांगितलं नाही. माझं सगळं करते, औषधाची वेळ चुकवत नाही. पण माझ्याजवळ बसत नाही.

पाच. गेल्या आठवड्यात शेजारच्या खोलीत ती नातीला सांगत होती, की आजोबा बरे झाले की तुला बागेत नेणार आहेत. आवाज तिचा होता, बोलणं माझं. म्हणून अट घालतो: मी गेलो की त्याच दिवशी नातीला साध्या शब्दांत सांगावं, गावाला गेले, झोपले, असलं काही चालणार नाही. न सांगितल्यास घर मिळू नये. वकील म्हणाले, ही अट कोर्टात टिकायची नाही. मी म्हटलं, राहू द्या.

सहा. कलम पाच रद्द. कारण असं:

जपून ठेवलेली दोन्ही पानं मी परत शिवली आणि काल दुपारी नातीला सबंध पुस्तक वाचून दाखवलं. आई मेल्याच्या पानावर ती थांबली. "आजोबा, तुम्ही पण?"

मी हो म्हटलं.

"मग अस्वलाचं कोण वाचणार?"

"तुझी आई."

"तिला खोकता येत नाही."

पुढचं पान तिने स्वतः उलटलं आणि काठावरच्या दोघांकडे बराच वेळ बघत राहिली. मुलीची पावलं मघापासून दाराशी थांबलेली मला ऐकू येत होती. ती आत आली, पलंगावर बसली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू रडली असतीस तर मला आवरलं नसतं."

"मग रडलो असतो दोघं," ती म्हणाली.

घर तिचं, कोणत्याही अटीशिवाय. नातीला मी स्वतः सांगितलं आहे.

हे लिहिलेलं वाचून पाहिलं, बरोबर आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

सही: बाइंडर
साक्षीदार: १. समोरचे औषधवाले २. खालच्या मजल्यावरचे शिंपी
ठिकाण: राहतं घर, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: ११ फेब्रुवारी, रविवार