तापलेला होकार

सिल्वासा, रविवार

प्रिय प्रथमेश,

फोन लागला की तुझी आई स्पीकर लावून शेजारीच बसते, म्हणून हे पत्र. खरं सांगतो, मी वैतागलोय. दिवाळीपासून घरात एकच विषय, तुझ्यासाठी सामरवरणीच्या जयवंतरावांच्या श्रुतीचं स्थळ. मुलगी चांगली आहे. जयवंतराव माझ्याच कारखान्यात, मसाटला. डबा खाताना रोज टोमणा मारतात, काय आबा, तुमच्या शास्त्रज्ञाचा प्रयोग संपला का? मी म्हणतो, चालू आहे. त्यांना वाटतं मी टाळतोय.

तुझा प्रयोगही अडलेलाच. दिवाळीत तू समजावलंस ते मला असं कळलं, चुकलं तर सांग. सिलिकॉनच्या चिपवर एक इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचा. त्याचा स्पिन, म्हणजे अंगची गिरकी, वर की खाली, हेच तुमच्या क्वांटम संगणकाचं उत्तर. पण स्पिन थेट दिसत नाही. मग त्याच्यासाठी दार जरासं किलकिलं करायचं. स्पिन वर असेल तर अंगात जोर जास्त, तो बाहेर पडतो. खाली असेल तर बसून राहतो. शेजारचा सेन्सर जागा रिकामी झाली का, एवढंच बघतो. मला हे आवडलं होतं. देवाचं मनही आपल्याला असंच आडून कळतं.

पण तुझी चिप तापते. ताप वाढला की खालचाही उसळून बाहेर पडतो, आणि सेन्सर दोघांनाही वरचाच समजतो. त्यात तू कधीचा अडकलायस, सर बोलतात, तू नीट जेवत नाहीस, आणि मी इथे बसून नुसता चिडतो. रोज सप्तशृंगीसमोर तुझ्या चिपला थंडावा मागतो. आई हसते, म्हणते, लोक लेकरासाठी ऊब मागतात.

मागच्या रविवारी ती फोनवर रडली. मी डोळे मिटल्यावर सून आणणार का, म्हणाली. तू म्हणालास, बरं, हो म्हणून सांगा. तिने लगेच पेढे आणले. मी माझा पेढा तसाच सप्तशृंगीसमोर ठेवला. ती रडली की तू लहानपणापासून कशालाही हो म्हणतोस. एवढ्या धगीत तुझ्या तोंडून दुसरं काय बाहेर पडणार?

तुला राग येईल, पण काल डब्याच्या सुट्टीत मी जयवंतरावांना नाही म्हणालो. मुलाचं मन तयार नाही, एवढंच सांगितलं. त्यांनी डबा उचलला आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. आईला अजून माहीत नाही; ती वापीला साड्या बघायला गेलीय. रात्री तिला मीच सांगेन, तो जाळ माझ्या वाट्याचा. तुझा होकार खरा असेल तर सामरवरणीला जाऊन मी हात जोडीन, त्यात मला कमीपणा नाही. नसेल, मनात दुसरं कोणी असेल, किंवा कोणीच नसेल, तरी चालेल. फक्त मला एकट्याला, सवडीने लिहून कळव. मी पुन्हा विचारणार नाही.

तुझाच,
आबा