चहाचा रंग तंतोतंत जुळला

माननीय व्याहीबुवांना,

सप्रेम नमस्कार. विहीणबाईंनाही आम्हा दोघांचा नमस्कार सांगावा. आपला गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम आपण नेमाने करत असाल असं मी म्हणणार नाही, कारण मला सांगितलेलेही मी करत नाही आणि आपण दोघं एकाच माळेचे मणी आहोत. (विहीणबाई हे पत्र वाचणार असतील तर: व्याहीबुवा व्यायाम करतात, माझी खात्री आहे.) इकडे सर्व क्षेम आहे. हिची सर्दी उतरली, माझी साखर ताब्यात आहे, चिरंजीव कंपनीच्या कामासाठी दौऱ्यावर आहेत आणि आपली लेक, म्हणजे आमची सूनबाई, ठणठणीत आहे. स्वयंपाकघराचं छत सोडलं तर काळजी करण्यासारखं काही नाही. त्या छताचा विषय पुढे येईलच.

गेले काही आठवडे मी या घरात जे उद्योग केले ते सूनबाईकडून आपल्या कानावर जाणारच. तेव्हा ते आधी माझ्याकडून गेलेले बरे, निदान माझ्या तोंडून मी थोडा बरा दिसेन, असा हिशेब होता. लिहायला घेतल्यावर तेही अवघड दिसतंय.

तर झालं असं. आपल्याला ठाऊकच आहे की सूनबाई हॉस्पिटलातल्या चौकशीच्या खिडकीवर बसते. कामावरून सुटली की उजेड असेतोवर घरी यायची, हात-पाय धुवून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची, आणि मग मी तिची विचारपूस करायचो. या बाबतीत मी हयगय करत नाही. ती जिन्यात असतानाच मी दार उघडतो. आलीस का, दमलीस का, गर्दी होती का, डबा सगळा खाल्लास का, भाजी खारट नव्हती ना, तो कडक साहेब आज काय म्हणाला, उद्या लवकर जायचंय का, एवढं चप्पल काढेपर्यंत विचारून होतं. बाकीचं टेबलावर. (हिचं म्हणणं आहे की इतकं तर पोलीसही विचारत नाहीत. ही मला पहिल्यापासून अशीच बोलते, आपण मनावर घेऊ नये.) खरं सांगू का व्याहीबुवा, आम्हाला मुलगी नाही. मुलगा बापावर गेलेला असता तर बोलला असता, पण तो आईवर गेला. रिटायर झाल्यापासून दिवसभर मी भिंतींशी बोलायच्या बेतात असतो, आणि ही पोर घरात आली तेव्हापासून संध्याकाळची वाट बघायला मला कारण मिळालं.

आणि मग ती उशिरा यायला लागली. फार नाही, अर्धा-पाऊण तास. पण वाट बघणाऱ्याला तो पुरतो. ही म्हणाली, येईल, मोठी बाई आहे ती. माझ्या मनात मात्र एकच भीती घर करून बसली की सूनबाईला घरी यावंसं वाटत नाही. आज अर्धा तास, उद्या एक तास, आणि मग एके दिवशी चिरंजीव येऊन सांगतील की बाबा, आम्ही वेगळी जागा बघतोय. मी रात्रीची पोळी अर्धी टाकून उठायला लागलो. (साखर ताब्यात आली ती अशी. डॉक्टरांना वाटतं त्यांच्या गोळीने आली.)

खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाईंकडून उलगडा झाला. त्यांनी तिला कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसलेलं पाहिलं होतं, समोर उंच ग्लास, त्यात बर्फ घातलेला मसाल्याचा चहा आणि वर दुधाचा फेस. त्याला आइस्ड मसाला लाटे म्हणतात. मला एवढं हायसं वाटलं म्हणून सांगू. म्हणजे अडचण घराची नव्हती, चहाची होती. तोच चहा घरात मिळाला तर पोर सरळ घरी येईल. इतका सोपा सिद्धान्त माझ्यासारख्या माणसाला सुचला याचं मला कौतुक वाटलं, आणि तिथेच घात झाला.

माझी सगळी नोकरी रंगाच्या कारखान्यात शेड जुळवण्यात गेली. गिऱ्हाईक दाराचा ढलपा आणून टाकायचं, खुर्चीच्या कापडाचा तुकडा आणून टाकायचं, एका बाईंनी तर मांजर आणलं होतं, आणि त्या रंगाचा डबा बनवून द्यायचा. माझी शेड कधी परत आली नाही. तेव्हा मी स्टीलचा डबा घेऊन त्या दुकानात गेलो आणि एक लाटे बांधून मागितला. दुकानवालीने विचारलं, साखर किती? मी सांगितलं, साखर कितीही घाला, रंग बदलता कामा नये. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. घरी आणून मी तो पांढऱ्या पुठ्ठ्यावर बोटभर ओढला, शेजारी घरच्या चहाचा पट्टा ओढला, आणि खिडकीच्या उजेडात दोन्ही सुकू दिले, कारण ओला रंग फसवतो. घरचा काळपट आला. दूध वाढवलं तर फिका पडला. तांबूस झाक येईना म्हणून दालचिनी वाढवली, दालचिनीने गढूळ झाला म्हणून लवंगा वाढवल्या, कशाने काय होतं ते कळावं म्हणून मिरीही. साध्या गाळणीवर माझा विश्वास नाही, कारखान्यात आम्ही बारीक कापडातून गाळायचो. म्हणून कपाटाच्या तळातून एक कोरा पांढरा रुमाल काढला. त्याच्या घडीत डांबराच्या गोळ्या होत्या, त्या मी काळजीपूर्वक बाजूला ठेवल्या. कापडाला काही डाग नव्हता, तेव्हा प्रश्नच मिटला.

आपण विचाराल, चव बघितली की नाही. मला गोड बंद आहे. हिचं नाक सर्दीने असं चोंदलं होतं की तिला रॉकेल दिलं असतं तरी तिने बरं लागलं म्हटलं असतं. मी तिला घोटभर दिला, ती म्हणाली, गार आहे. मी तेवढ्यावर पसंतीचा शिक्का मारला. एक नक्की सांगतो, चौथ्या खेपेला दोन पट्टे सुकल्यावर कुठला दुकानाचा आणि कुठला माझा हे मला स्वतःला ओळखता येईना. मी पुठ्ठा हातात धरून एकटाच हसलो.

फेसाचं काम राहिलं होतं. कुणीतरी सांगितलं की बंद बरणीत गार दूध घालून हलवलं की फेस येतो. डबा कसा हलवायचा हे मला कुणी शिकवायला नको. दोन्ही हातांत धरायचा, डोक्याच्या वर न्यायचा आणि मनगटातून फिरवायचा. फक्त रंगाच्या डब्याचं झाकण हातोडीने ठोकून बसवतात आणि जॅमच्या बरणीचं नाही, ही गोष्ट बरणी वर गेल्यावर लक्षात आली. पंखा चालू होता. दूध छतावर, चारही भिंतींवर आणि हिच्या दिवाणापर्यंत इतकं एकसारखं बसलं की आमच्या कारखान्यातल्या जुन्या पेंटरनेही मान्य केलं असतं. कुठे ओघळ नाही, कुठे जोड नाही. आता त्या छताला दुपारी उन्हात वास येतो. रंगारी येऊन बघून गेला, त्याने विचारलं, हा कुठला प्रायमर?

बर्फाची गोष्ट त्याहून वाईट. साधा बर्फ विरघळला की शेड फिकी पडते, म्हणून मी चहाचाच बर्फ केला आणि फ्रीजमध्ये ठेवून कुणाला काही बोललो नाही. दुपारी हिला कणकण आली. तिने मिटल्या डोळ्यांनीच बर्फाचे खडे फडक्यात बांधले, कपाळावर ठेवले आणि झोपली. मी शेजारच्या खोलीत पुठ्ठे बघत होतो. उठली तेव्हा कपाळ, एक भुवई आणि उशीचा अभ्रा एकाच शेडचे झाले होते, आणि लवंग-मिरीने तिचे डोळे असे झोंबत होते की मी काय केलं हे विचारायला तिला बराच वेळ लागला. मग मात्र तिने विचारलं. (ते इथे लिहीत नाही. विहीणबाई वाचत आहेत.)

इतकं करून संध्याकाळी मी ग्लास घेऊन दारात उभा राहिलो. सूनबाईने एक घोट घेतला. क्षणभर ती अजिबात हलली नाही. मग म्हणाली, छान आहे, आणि सगळा प्यायली. त्या क्षणी मला जे वाटलं ते मुलाच्या लग्नातही वाटलं नव्हतं, आपल्यासमोर लिहायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशीही प्यायली. तिसऱ्याही. ग्लास रिकामा करून, धुवून, पालथा घालायची. आणि तरी येण्याची वेळ तीच, उलट थोडी पुढेच सरकली. म्हणजे चहा जुळला होता, पण पोर काही जुळत नव्हती.

तेव्हा मी एके दिवशी पिशवी घेऊन भाजी आणायला म्हणून निघालो आणि भाजीवाला उलट्या दिशेला असूनही कॉफीच्या दुकानाशी पोचलो. ती अगदी आतल्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. समोर तोच उंच ग्लास. व्याहीबुवा, ग्लासाला तिने तोंडही लावलं नव्हतं. बर्फ विरघळून वर पाण्याचा थर आला होता आणि ती नुसती बसली होती, हात मांडीवर, पाय चपलेतून बाहेर. मी समोरची खुर्ची ओढली आणि काय झालं, बरं नाही का, घरी का येत नाहीस, आमचं काही चुकलं का, हे एका दमात विचारलं. ती दचकली. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, मी दिवसभर उत्तरंच देते. इथे अर्धा तास मला कोणी काही विचारत नाही. तेवढं झालं की मग घरी यावंसं वाटतं."

तिथे काहीतरी समंजस बोलायला हवं होतं, पण माझ्या तोंडून जे निघालं ते असं, की मग माझा चहा? ती हसली. म्हणाली, "तुमच्या चहाला कपाटाचा वास येतो, बाबा. पण तुम्ही इतके आनंदात उभे असायचात." मी पिशवी उचलली आणि निघालो.

सध्या घरातला लाटे बंद आहे. रुमाल परत कपाटात गेला. ती जिन्यात आली की मी दार उघडतो, पण तोंड उघडत नाही. पहिल्या दिवशी या प्रयत्नात मला ठसका लागला. ही म्हणते, जमतंय तुम्हाला. तेव्हा तिच्याकडून काही कानावर आलं तर काळजी नसावी. दोष असलाच तर माझ्या नजरेचा, तिला रंगाच्या पुढचं दिसत नाही.

आपला,
चव न घेता वाढणारा व्याही

ता. क. वर मी पिशवी उचलून निघालो असं लिहिलं आहे. ते खरं आहे, पण दारापर्यंतच. तिने मागून हाक मारली आणि म्हणाली, "बसायचं तर बसा. विचारायचं नाही." तेव्हापासून रोज संध्याकाळी मी इथे येतो आणि शेजारच्या टेबलावर बसतो, आणि दार उघडायला तिच्या आधी घरी पोचतो. हे सगळं पत्र इथेच बसून लिहिलं. तोंड बंद ठेवायचं तर हाताला काहीतरी उद्योग हवा.

आणखी ता. क. मुख्य काम राहिलंच. गेल्या काही दिवसांपासून आपला फोन रोज नेमका याच अर्ध्या तासात येतो. ती उठून बाहेर फुटपाथवर जाते आणि काचेतून मला ऐकू येतं: हो बाबा, खाल्ला डबा. नाही बाबा, नाही दमले. गर्दी होती, हो. माझेच प्रश्न, आणि तेही माझ्याच क्रमाने. काल तर ‘हो बाबा’ ऐकून मी इकडे समाधानाने मान हलवली. हात जोडून विनंती आहे, फोन अर्धा तास उशिरा करावा. मला जमलं, तर आपल्याला का जमू नये? आत्ताही ती बाहेर आपल्याशीच बोलते आहे.

शेवटचं. फोन संपवून ती आत आली आणि आपल्या टेबलाकडे न जाता माझ्यापाशी थांबली. "रोज एवढं काय लिहिता, बाबा?" म्हणाली. लक्षात घ्या व्याहीबुवा, तिने विचारलं, मी नाही. तिच्यासाठी खुर्ची ओढून दिली आहे. उत्तर लांबलचक आहे, म्हणून पत्र इथेच थांबवतो.