उभ्या भिंतीचा चढ

३ एप्रिल

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

पेपर तपासण्याच्या गडबडीत पत्राला उशीर झाला. वार्षिक पेपरात मी एक सोपा प्रश्न घातला होता: क्ष = ४ या रेषेचा चढ किती? रेषा सरळ उभी, म्हणून तिचा चढ ठरवता येत नाही. एक्केचाळीस मुलांनी नेमकं तेच लिहिलं. पण मुख्याध्यापकांच्या नव्या संगणकात उत्तराच्या चौकटीत फक्त आकडा बसतो. तेव्हा साहेबांनी उत्तर शून्य ठरवून टाकलं. ‘ठरवता येत नाही’ हे शाळेला शोभत नाही म्हणे.

त्यावर मी सही केली नाही तर माझी कायम नेमणूक अडणार. सहा वर्षं त्या कागदाची वाट बघतेय, मामा. सही केली, तर मुलांचे गुण जातात. जेवण गोड लागत नाही. काय करू ते कळवा.

मामींना नमस्कार. लोभ आहे तसाच ठेवावा.

तुमची भाची


९ एप्रिल

चि. मास्तरीणबाईस अनेक आशीर्वाद.

एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ केलास गं. चाळीस वर्षं मी गवंडीकाम करतोय. ओळंबा सोडला आणि भिंत सरळ निघाली, की तिला कल नाही. कल नाही म्हणजे शून्य. साहेबांचं बरोबर आहे. सही कर आणि कायम हो. आ बैल मुझे मार कशाला?

तुझं काम सोपं व्हावं म्हणून साहेबांनाही दोन ओळी टाकल्यात. मामी म्हणते, विचारल्याशिवाय नाक खुपसू नका. तिचं मी कधी ऐकलंय?

तब्येतीला जप. लोभ तर आहेच.

तुझा मामा


१६ एप्रिल

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झालीय. तुमच्या दोन ओळी शाळा समितीपुढे तज्ज्ञांचं मत म्हणून वाचल्या गेल्या. उभ्या रेषेचा चढ शून्य, असा ठराव पाच विरुद्ध एक मतांनी झाला. ती एक मी.

अहो, कल वेगळा आणि चढ वेगळा. एक पाऊल पुढे गेल्यावर किती वर गेलात, तो चढ. शून्य चढ फरशीचा असतो. भिंतीला शिडी लावा आणि तिचा पाय भिंतीकडे सरकवत न्या, चढ वाढतच जाईल. शिडी चिकटली, की पुढे जाणं शून्य. मग शून्याने भागायचं कसं?

मी सही केली नाही. सोमवारी समिती माझ्या नेमणुकीचा निर्णय देईल. तुमच्यावर खूप रागावलेय. तरी लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची भाची


२२ एप्रिल

चि. मास्तरीणबाईस अनेक आशीर्वाद.

शिडी लावून पाहिली. कमरेत उसण भरली, पण तुझं म्हणणं पटलं. सोमवारी बसच्या टपावर शिडी टाकून तुझ्या शाळेत आलो. माझं मत परत द्या म्हटलं, तर साहेब म्हणाले, फायलीला लागलेलं मत परत मिळत नाही. मग शिडी भिंतीला चिकटवून उभी केली आणि नम्रपणे सांगितलं, ठरावाप्रमाणे ही फरशीसारखी सपाट आहे, चालत जाऊन दाखवा. साहेबांनी पायरीवर पाय ठेवून पाहिला आणि काढून घेतला. शेवटी ठराव रद्द झाला. एक्केचाळीस जणांना गुण मिळाले.

कायम नेमणूक मात्र चित्रकलेच्या सरांना गेली, तीही गणितासाठी. शून्यावर सही त्यांनी आधीच करून ठेवली होती.

चूक माझी होती गं, भोगलीस तू. निघताना तुझ्या वर्गाच्या खिडकीशी थांबलो होतो. तुला कळलेलं होतं, तरी तू शिकवत होतीस. आत यायचा मला धीर झाला नाही.

उरला असेल तेवढा लोभ माझ्यावर राहू दे.

तुझा मामा