गोष्ट नको, प्रश्न विचारा

८ जानेवारी, धुळे

गणपतीनंतर थेट आज. क्षमस्व, स्वतःलाच. वेळ नव्हता हे खोटं आहे. जे करत होते ते इथे लिहायची लाज वाटत होती. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, कॉलेजात भूगोल शिकवणारी बाई टीव्हीवरच्या ‘बिनचूक’ प्रश्नमंजूषेत जाण्यासाठी रोज पहाटे सामान्य ज्ञान पाठ करतेय. फोनवरची फेरी झाली, नाशिकची झाली. आज फोन आला की निवड यादीत नाव आहे, शूटिंग फेब्रुवारीच्या सुरुवातीला. त्याआधी घरी येऊन माझी ‘छोटी फिल्म’ काढणार.

का जातेय, हे एकदा स्वच्छ लिहून ठेवते. फेसबुकवर ‘बिनचूक’च्या प्रेक्षकांचा गट आहे. आधीचे सूत्रसंचालक ‘सर’ कार्यक्रम सोडून गेले आणि त्यांच्या जागी मालिकेतला हा नवा ‘दादा’ आला, तेव्हा मी तिथे लांबलचक मत लिहिलं होतं. सूत्रसंचालकानं प्रश्न विचारावा आणि गप्प बसावं, स्पर्धकाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू नये, असं. त्याखाली कुणीतरी लिहिलं, ‘मॅडम, घरी सोफ्यावरून सगळेच हुशार. बसून दाखवा.’ म्हणून अर्ज भरला. ज्ञानासाठी वगैरे नाही. हे मान्य करून पुढे जायचं.

९ जाने.

आईला सांगितलं. हिवाळ्यात ती मुक्ताईनगरहून माझ्याकडे येऊन राहते. तिला दादा आवडतो. तिच्या मते सर ‘मास्तरावानी’ होते. “हा जेवली का इचारतो, घरचं इचारतो. तुह्या सरानं कधी कोणाले पाणी तरी इचारलं का?”

खालच्या मजल्यावरचे नाना नेमके वर आले होते. एस.टी.तून निवृत्त झालेले, पक्के सरांच्या बाजूचे. “अक्का, हाऊ खेळ शे का दहावं? पोरगी जबाब देवाले बसेल शे, नि हाऊच रडी राह्यना!”

“तुम्ही कधी कोणासाठी रडले का नाना?”

“पस्तीस वरीस गाडी चालाडी. रडतू तं गाडी पांझरामा जाती.”

दोघंही खोटं बोलत नाहीत. आईला घरचं कुणी विचारलेलं नाही, हेही खरंच.

१२ जाने.

कार्यक्रमाच्या ऑफिसातून स्वरा नावाच्या मुलीचा फोन. गोड बोलते, दर वाक्याला मॅम.

“मॅम, तुमची स्टोरी काय?”

म्हटलं, स्टोरी नाही. नकाशे वाचता येतात.

“क्यूट! पण फॉर्मवर तुम्ही ‘विभक्त’ लिहिलंय…”

म्हटलं, फॉर्ममध्ये रकाना होता म्हणून लिहिलं. त्याविषयी बोलणार नाही.

“शुअर मॅम. नो प्रेशर.”

संजय आणि मी वेगळे झालो त्याला आता इतका काळ लोटला की जळगावला गेले तरी ती गल्ली टाळायचंसुद्धा सुचत नाही. त्यावर कार्यक्रमाला कशाला जगवायचं.

१८ जाने.

फिल्मवाले आले. चौघे. केळीची बाग हवी होती. म्हटलं, देवपूरला फ्लॅटमध्ये केळीची बाग कुठून आणू? मग चूल हवी होती. मग पांझरेच्या पुलावरून एकटीनं चालत येण्याचं दृश्य. चालले. “मॅम, जरा हळू. जरा थकल्यासारखं.” मी थकलेले नव्हते. तिसऱ्यांदा चालल्यावर झाले, तेव्हा त्यांनी ‘परफेक्ट’ म्हटलं.

दुपारी कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होती, दोन तास जावं लागलं. परत आले तर आई ठेवणीतलं लुगडं नेसून बसलेली, डोळे लाल. मंडळी घाईनं सामान आवरत होती. कॅमेरावाला आईच्या पाया पडला. मला म्हणाला, “मॅम, काय आई आहेत तुमच्या!”

जिन्यात नाना. “तुन्ही मायनी बठ्ठं सांगी टाकं. मी दारमा उभा व्हतू. माले भी रडू उनं, खोटं कसाले बोलू.”

बठ्ठं म्हणजे सगळं. काय सगळं?

१९ जाने.

हे.

की संजयनं मला रात्री घराबाहेर काढलं. अंगावरच्या साडीनिशी. मी रात्रभर स्टँडवर बसले. तिथून आईनं मला उभं केलं, नोकरीला लावलं, आणि आता मी दादासमोर बसणार.

खरं असं आहे : मी निघाले. भर दुपारी. बॅग संजयनंच रिक्षापर्यंत आणली. रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीसही त्यानंच केली. भांडण नव्हतं, मार नव्हता, दुसरं कुणी नव्हतं. फिल्म निघेल असं कारणच नव्हतं. मला तिथे श्वास पुरत नव्हता, एवढंच. ते तेव्हा कुणाला सांगता आलं नाही. आजही येईल की नाही कोण जाणे.

आईला विचारलं, असं का सांगितलंस?

“मंग काय सांगू लोकायले? पोरगी उगीच निघून आली?”

“तो माणूस जिवंत आहे आई. जळगावात आहे.”

“मले नोको शिकवू. इतकी वरसं गावात मी तोंड दाखवलं ते ह्याच गोष्टीवर. मुक्ताईच्या देवळात बाया इचारायच्या. काय सांगत व्हती मी त्यायले? तू धुळ्याले येऊन बसली. मी तिथंच व्हती.”

  म्हणजे ही गोष्ट काल कॅमेऱ्यासमोर जन्मली नाही. ती गावात केव्हाची नांदतेय. माझ्या वाट्याची लाज आई त्या गोष्टीवर फेडत आलीय, आणि मी सुट्टीला गेले की बायका माझ्याशी इतक्या हळू आवाजात का बोलायच्या, ते आज कळलं.

तरी ती टीव्हीवर जाता कामा नये. हे ठरलं.

२१ जाने.

स्वराला फोन केला. आईचं बोलणं काढून टाका म्हटलं.

“मॅम, तीच तर स्टोरी आहे! दादांना क्लिप दाखवली. ऐकूनच डोळे पुसले त्यांनी.”

“ते तसं झालेलं नाही.”

“पण आईंच्या बाजूनं खरं ना?”

पोरगी हुशार आहे. आठवडाभर विचार केला असता तरी मला हे वाक्य सुचलं नसतं. पुढे म्हणाली, स्टोरी नसेल तर तुमचा नंबर मागे जाऊ शकतो मॅम, मी धमकी देत नाहीये, सिस्टीम सांगतेय.

गटावर मी दादाला जे जे बोलले, त्यातलं निम्मं खरं तर या ‘सिस्टीम’ला बोलायला हवं होतं. त्याच्या हातात जे कागद देतात त्यावर तो रडतो. रडणं त्याचं खरंही असेल. गटावर दुरुस्ती लिहावी काय? लिहिली. खाली पहिलाच शेरा : ‘मॅडमचं सिलेक्शन झालेलं दिसतंय.’ बरोबर ओळखलं. दुरुस्ती तशीच ठेवली.

२४ जाने.

संजयला न विचारता हे पुढे रेटायचं नाही, आणि न विचारता थांबवायचंही नाही. आईला सांगितलं, जळगावला पेपर तपासायला जातेय. खोटं. हे घर खोट्यावर फार छान चाललंय.

२५ जाने.

जळगाव. त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. वजन वाढलंय, केस गेलेत. चहा मागवला. मी सगळं सांगितलं.

आधी हसला. “रात्री? मी? मला दहाच्या पुढे जाग राहते का? तुला तर माहीत आहे.”

मग हसला नाही.

त्याची मुलगी पाचवीत आहे. म्हणाला, “रोज दादाला बघते. जेवताना त्याचीच नक्कल. ‘विचार करा, घाई नाही, दादा आहे ना!’ ताटात भरीत तसंच राहतं.” मोबाइलमध्ये तिचा व्हिडिओ दाखवला. हुबेहूब करते. दात पडलेला आहे, त्यामुळे ‘विचार’ जरा सुटतं.

मी म्हटलं, नाव घेतलेलं नाही. पण जळगावात कळेल.

“कळेल ना. माझ्या सासरी आधी कळेल.” नळीचा तुकडा हातात फिरवत राहिला. “तू जा तिथे. तुला येतं सगळं. आपल्याकडे असताना पण तू टीव्हीतल्या माणसाच्या आधी उत्तर द्यायचीस, माझा बाप वैतागायचा. जा तू. पण…”

 तेव्हाही असंच अर्ध्यावर थांबायचा, आणि मी उरलेलं ओळखायचं. आज ओळखायला नकार दिला. म्हटलं, पुरं बोल.

“पण माझ्या पोरीनं मला त्या दादाच्या तोंडून ओळखू नये.”

बस. हे ऐकायलाच आले होते. निघताना मेहरूणची बोरं दिली पिशवीत. घेतली.

२६ जाने.

कॉलेजात झेंडावंदन. घरी येऊन आईला सगळं सांगितलं, जळगावचं खोटंही. बोरं पाहून म्हणाली, “त्यानं देल्ली?” आणि खाल्ली नाहीत.

संध्याकाळी ‘बिनचूक’ लावलं. एक म्हातारे शिक्षक बसले होते, उत्तर येत नव्हतं. दादा काही न बोलता त्यांच्याकडे पाण्याचा ग्लास सरकवून थांबला. चांगलं केलं. सरांनीही असंच केलं असतं. हे लिहून ठेवते, कारण उद्या राग आला की आठवणार नाही.

आई म्हणाली, “तू त्याले सांग. तो समजीन.”

“कुणाला?”

“दादाले.”

“आई, ते त्याच्या हातात नसतं.”

तिनं टीव्हीचा आवाज कमी केला. “मंग तो कायचा दादा?”

२८ जाने.

स्वराला मेल पाठवला. कितीदा खोडला. आई खोटं बोलली असं लिहायचं नव्हतं. शेवटी : ‘फिल्ममधली गोष्ट माझी आहे आणि ती मी तुम्हाला दिलेली नाही. आईचा भाग वापरू नये. प्रश्नांना मी तयार आहे.’

आता वाट पाहणं नाही, तयारी. तापीच्या उपनद्या, सह्याद्रीतले घाट, पुरस्कार, खेळाडू. खेळाडू कच्चे आहेत.

३० जाने.

दुपारी स्वराचा फोन. आई समोर वाटाणे सोलत होती, मी स्पीकर लावला. मुद्दाम. तिच्याआड काही करायचं नाही असं ठरवलंय.

“मॅम, वरती बोलले. आईंची क्लिप नको तर नको. पण तुम्ही म्हणालात ना तसं झालं नाही? म्हणजे तुम्ही स्वतः निघालात? मॅम, ते तर अजून बोल्ड आहे! तेच सांगा ना. खरं तेच. दादा विचारतील, तुम्ही फक्त बोला.”

हे मला सुचलंच नव्हतं, की खरं मागतील. खरं बोलण्याबद्दल खुर्ची. याहून सोपं काय? संजय सुटला, त्याची पोर सुटली, मी सुटले. आणि मुक्ताईनगरात अडकली फक्त आई. तिला इतकी वर्षं विचारणाऱ्या सगळ्या बायका त्या रात्री टीव्हीसमोर असणार.

स्वरा म्हणाली, उद्या अकराला यादी फायनल होतेय मॅम, त्याआधी कळवा.

फोन ठेवला. आई वाटाणे सोलत होती. शेंग रिकामी, तरी बोट आत फिरवत होती.

“सांग मंग तिथं खरं,” म्हणाली. “मी काय गावाले बांधेल हाय का? ऐकीन.”

“नाही सांगणार.”

“जाऊ दे ना, तुले खुर्ची भेटीन.”

“खुर्ची प्रश्नांवर मिळाली तर घेईन. नाहीतर सोफा आहेच.”

तिनं टोपलीत शेंग टाकली. मग खाली बघूनच म्हणाली, “खरंच उगीच निघाली व्हती का तू?”

आजवर तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मीही कधी विचारू दिलं नव्हतं.

सांगितलं. जसं आलं तसं. मध्येच अडले, मागे गेले, पुन्हा सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. तिनं ‘अरे देवा’ म्हटलं नाही, संजयला शिवी दिली नाही, मलाही नाही. एकदा म्हणाली, “इतकंच?” मी म्हटलं, “इतकंच.” टोपली बाजूला सरकवून म्हणाली, “इतकंच काही कमी नसते.” मग आणखी एक विचारलं, त्याचं उत्तर मला आलं नाही. म्हटलं, आई, हे माहीत नाही. म्हणाली, “बरं. मंग सांगशीन.”

उद्या : अकराच्या आत स्वराला फोन करणे.