व्हॅक्युमची डबी, काळी मोटार आणि माझी छाती

मी, खाली सही करणारा, जन्मभर जुन्या मोटारींची इंजिने दुरुस्त करून पोट भरलेला माणूस, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. छाती कामातून गेली आहे, डोके शाबूत आहे, असे डॉक्टरांनी तपासून सांगितले. घाईही त्यांच्याच सांगण्यावरून.

१. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे-निम्मे. पुढची खोली कोणाची यावरून वाद झाल्यास ती भाड्याने द्यावी आणि दोघांनी मागच्या खोलीत बसून भांडावे.

२. गॅरेजचा गाळा आणि सगळी हत्यारे मुलीला. मुलाने रागावू नये. तो भिंतीत खिळासुद्धा पान्याने ठोकतो.

३. धाकट्या भावाला काही नाही. जुनी गाडी आली की हा ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची व्हॅक्युमची नळी काढतो, भोकात स्क्रू खुपसतो आणि म्हणतो, "काही फरक पडत नाही रे दादा." फरक पडतो. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका असताना इंजिनातले मिश्रण विरळ असते, सावकाश जळते, म्हणून ठिणगी जरा आधी पडावी लागते. डिस्ट्रिब्यूटरला चिकटलेली चपटी डबी ते काम करते. इंजिनाची ओढ नळीतून येते, डबीतला रबरी पडदा खेचला जातो आणि पडदा डिस्ट्रिब्यूटरमधली प्लेट फिरवतो, की ठिणगी आधी पडते. पाय दाबला की ओढ कमी, प्लेट मागे. हे त्याला मी किती वेळा समजावले! पालथ्या घड्यावर पाणी.

४. वडिलांची काळी मोटार मुलीला. याचे कारण लिहिणे भाग आहे. मध्यंतरी मोटार हलक्या पायाला गचके देऊ लागली, पेट्रोलही जास्त पिऊ लागली. डबी तपासायची आमची रीत अशी, की तिला नळीचा तुकडा लावून तोंडाने हवा ओढायची आणि टोक जिभेने बंद करायचे. प्लेट सरकून तिथेच थांबली तर पडदा चांगला. मी ओढली. प्लेट हलली नाही. पडदा फाटला म्हणून नवी डबी आणली, तीही हलेना. दुकानदाराला चार लोकांत लबाड म्हणालो. तेव्हा मुलीने नळी माझ्या हातातून घेतली आणि दोन्ही डब्या एकेक करून जागेवर लावून ओढून पाहिल्या. दोन्ही वेळा प्लेट टक्कन सरकली. नळी तोंडातून काढायची विसरून ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, डबी चांगलीय. उद्या डॉक्टरकडे जाऊ."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा प्रकार. मोटारीची नळी कार्ब्युरेटरपाशी चिरली होती, ती बदलून झाली. माझे तसे काही बदलता येत नाही.

५. हे कलम जिवंतपणीचे आहे. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात एवढे मला कळते, म्हणून दोघांनाही ते आजच वाचून दाखवले. पुढे माझा श्वास पुरेनासा होईल आणि घशात नळी घालून यंत्राने चालवतील. ते यंत्र लावू नये. धावपळीत लावलेच, तर बंद करायला मुलीने सांगावे. मला मरायची भीती वाटते. तसे पडून राहायची त्याहून जास्त वाटते.

मुलगा म्हणाला, "लोक काय म्हणतील?" आणि उठून बाहेर गेला. तो वाईट नाही, पण ऐन वेळी डॉक्टरांचे पाय धरेल. मुलगी बसून राहिली.

"बंद करा, असं मी म्हणायचं?"

"हो."

"आजोबांच्या वेळी तुम्ही असं म्हणाला असतात?"



तिने अजून हो म्हटलेले नाही. ती नाही म्हणाली, किंवा आयत्या वेळी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, तरी गाळा, हत्यारे आणि मोटार तिचीच. यावरून तिला कोणी, तिच्या भावानेसुद्धा, कधी एक अक्षर बोलू नये.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

सही : लिहून ठेवणार

साक्षीदार :
१. शेजारच्या गाळ्यातील वेल्डर
२. छाती तपासणारे डॉक्टर

स्थळ : राहते घर, मागची खोली
दिनांक : १७ फेब्रुवारी २००९