जुन्या सडकेवरचा म्हसोबा

गुरुजी, तुमची गावाच्या इतिहासाची वही छापायला गेली. हे तुम्हाला सांगायचं होतं, आणि त्यासोबत आणखी एक गोष्ट, जी मी सातवीत असतानाच सांगायला हवी होती.

गेल्या महिन्यात आपल्या गावची सरपंच धुळ्याला माझ्या घरी आली. तिशीची मुलगी, स्कूटरवरून आली, पिशवीतून वही काढली आणि म्हणाली, "अक्का, अक्षर तुमचंच ना? शाळेच्या कपाटात सापडली. पंचायत पुस्तक काढतेय. एकदा नजर घाला, म्हणजे छापायला देते." खाकी पुठ्ठ्याची वही, शाईचा निळा रंग आता तपकिरी झालेला. मजकूर तुमचा, अक्षर माझं. माझं अक्षर वळणदार म्हणून तुम्ही मला पक्की प्रत लिहायला बसवलं होतं. शाळा सुटल्यावर मी व्हरांड्यात बसून लिहायची, तुम्ही उभ्याने सांगायचात. गढीची पांढरी माती, दोन मजली बारव, नदीने दोनदा जागा बदलल्यामुळे वर सरकलेलं गाव, मारुतीचा पार, लमाणांचे तांडे उतरायचे ते मैदान. तुम्ही रावेरकडचे. तुमची बोली आमच्याहून वेगळी, पोरं पाठीमागे नक्कल करायची. तरी आमच्या गावाची एवढी चौकशी गावातल्या कुणी कधी केली नव्हती. सुटीच्या दिवशी तुम्ही आम्हाला दोघादोघांच्या जोड्यांनी म्हाताऱ्या माणसांकडे पाठवायचात. "विचारा, ऐका, लिहा. आपल्या पदरचं काही घालू नका."

सरपंच गेल्यावर मी वही चाळली. अकराव्या पानावर हात थांबला. "गावाच्या पश्चिमेस जुन्या सडकेलगत म्हसोबाचे स्थान असून ते अतिप्राचीन आहे." माझ्याच अक्षरात.

गुरुजी, ते स्थान अतिप्राचीन नाही. तुम्ही गावात यायच्या आदल्या वर्षीचं आहे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मारुतीला शेंदूर चढवायचं काम आमच्या घराकडे होतं. वडील तेलात शेंदूर कालवायचे आणि मी वाटी धरून उभी राहायची. त्या वर्षी वाटीत बराच उरला. उरलेला शेंदूर घरी न्यायचा नाही आणि मातीत टाकायचा नाही, हे आईने शिकवलेलं. वडील पारावर गप्पा मारत बसले होते. मी वाटी घेऊन सडकेपर्यंत चालत गेले. नवा हायवे सोनगीरच्या बाजूला सरकल्यापासून त्या सडकेने कुणी जात नसे. बोरीच्या झुडपाखाली गुडघाभर उंचीचा एक घडीव दगड होता. मी त्याला वाटीतला सगळा शेंदूर फासला, हात गवताला पुसले आणि घरी आले. वाटी रिकामी बघून कुणी काही विचारलं नाही. आठ दिवसांनी दगडापुढे नारळाची करवंटी पडलेली होती. दिवाळीपर्यंत झेंडा लागला. मला भीती वाटली, पण थोडी गंमतही वाटली. आणि सांगायची वेळ निघून गेली.

सातवीत तुम्ही मला म्हसोबाची माहिती काढायला पाठवलं तेव्हा आमच्या गल्लीतले आबा छाती ठोकून म्हणाले, "मन्हा बापना आजापाईन शे तो!" म्हणजे त्यांच्या बापाच्या आजापासूनचा. दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे वाचून दाखवतेय आणि माझ्या बाकावरची मैत्रीण उठून उभी राहते. तिचे वडील सडकेवर मैलकुली होते. खड्डे बुजवायचं, कडेचं गवत काढायचं, मैलाच्या दगडांना चुना लावायचं काम. ती म्हणते, "गुरुजी, तो देव नही, मैलना दगड शे. आकडा खाले मातीमा शे. मन्हा बाप सांगे, खंदीसन दखा." वर्ग हसतो. तुम्ही एरवी कधी आवाज चढवत नव्हतात, त्या दिवशी चढवलात. "देवाच्या पायाशी खणायची भाषा करतेस? ऐकीव गोष्टी वर्गात आणू नकोस." ती मधल्या सुटीपर्यंत दाराबाहेर उभी होती. मी खाली बघून वहीला समास आखत होते.

तुम्हाला दोष द्यावा असं त्यात काही नाही. अख्खं गाव एका तोंडाने सांगत होतं. पण त्यानंतर ती शाळेत असेपर्यंत पोरं तिला "देव खंदणारी" म्हणत. मी जमीन मोजणीच्या कार्यालयात तीस वर्षं काढली. शेतकऱ्यांच्या बांधाचे दगड हललेत की जागेवर आहेत ते नकाशावर बघून सांगत राहिले. हा एक दगड मला ठाऊक होता आणि त्याबद्दल मी गप्प होते.

वही हातात आल्यावर दोन दिवस मी तेच पान उघडत-मिटत होते. ओळ तशीच छापली तर मैत्रीण कायमची खोटी ठरणार. आणि सांगितलं तर गाव काय म्हणेल? तिथे आता पत्र्याची शेड आहे, घंटा आहे, लग्न झालं की जोडपी पाया पडायला जातात. तिसऱ्या दिवशी मी साक्रीची बस धरली. मैत्रीण तिथे दिलेली आहे. ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी शेजारी बसून, शेंगा फोडता फोडता सगळं सांगितलं. तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"म्हणजे तू लायेल व्हता शेंदूर?"

"हो."

"आनी आते सांगस?"

मी आणखी एक शेंग फोडली. तिने मांडीवरची टरफलं झटकली. मग हळू म्हणाली, "माले वाटे, मन्हा बापच चुकना व्हई." आणि एकदम हसायला लागली, पदर तोंडाशी धरून. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आत सुनेला हाक मारून म्हणाली, "अव्ह, चहा मांड, देव बसाडणारी वनी शे!"

मग पंचायतीत आम्ही दोघी मिळूनच गेलो. सरपंच आणि पाच-सहा म्हातारी माणसं होती. मी उभ्याने सगळं सांगितलं. मला वाटलं, झालं आता. तेवढ्यात त्या आबांचा मुलगा, तोही आता सत्तरीचा, काठी टेकत म्हणाला, "अव्ह बाई, शेंदूर तुना हातना, पन नारय त आम्हीच फोडात ना!" सगळे हसले. देव आहे तिथेच राहील असं ठरलं. वहीतली ओळ मात्र बदलली. आता तिथे लिहिलंय की हा जुन्या सडकेवरचा मैलाचा दगड असून एका लहान मुलीने उरलेला शेंदूर लावल्यापासून गाव त्याला म्हसोबा मानतं, आणि ही खरी माहिती मैलकुलीच्या मुलीने शाळेत असतानाच सांगितली होती. हा मजकूर मी लिहिला नाही. मैत्रिणीने स्वतः लिहिला, वाकड्यातिकड्या अक्षरात. त्या रात्री मला फार शांत झोप लागली, गुरुजी.

तुम्ही आता नाही, त्यामुळे हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते कपाटात राहील. म्हणून एवढं सांगते. प्रस्तावनेत तुम्ही लिहिलंय की तुम्ही प्रथम आलात तेव्हा गावाने तुम्हाला फाट्यावरून बैलगाडीत बसवून वाजतगाजत नेलं. मैत्रीण परतीच्या बसमध्ये म्हणाली की तसं काही झालं नव्हतं. तुम्ही दुपारभर ट्रंकेवर बसून होतात, कुणी आलं नाही, शेवटी ट्रंक खांद्यावर घेऊन चालत आलात. तिचे वडील तेव्हा नव्या हायवेवर कामाला होते, त्यांनी पाहिलं होतं. छापायला देण्याआधी ती ओळ मी पुन्हा एकदा वाचली, आणि आम्ही दोघींनी ती तशीच राहू दिली.