डावीकडची रिकामी जागा

प्रिय चष्मिश,

तू "संपलं" म्हणालीस, तेव्हा, मागे कॉलेज सोडलं होतं तसाच एका झटक्यात, दादाची गाडी आणि कॅमेरा घेऊन किनाऱ्याने निघालो. सीझन संपलाय, हॉटेलं बंद, बाकं उलटी ठेवलेली. तुला जळवायला दोनशे फोटो काढले.

आज लॉजवाल्या मावशींनी ते पाहिले. "प्रत्येक फोटोत डावीकडे माणसाएवढी जागा का रे सोडलीस?"

मी चिडलो. मग पाहिलं, तर खरंच होती.

"तिची आहे," म्हणालो.

"तिला विचारलंस, कुठं उभं राहायचंय ते?"

नव्हतं विचारलं. कधीच काही नाही. हे पत्र पाठवायचा धीर नाही, तरी आता विचारतो: इथं आली असतीस, तर आधी काय बघितलं असतंस?

तुझा
(हेही न विचारताच)